बांबूच्या बनात मुकी झालेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. जपानच्या उत्तरेकडच्या एका डोंगराळ गावात कियोबाईंच्या कमरेला मी अर्धं आयुष्य वाजले. रानात त्या बांबूचे कोवळे कोंब खुडत, तेव्हा माझा आवाज ऐकून अस्वलं आपणहून बाजूला होत. मधूनच कियोबाई मला मुठीत धरून कान देत. "आपण बोललो, आता डोंगराला बोलू दे," म्हणत.

पुढे त्यांचे गुडघे गेले. गावातली तरुण माणसं शहरात गेली. मी दाराआड खिळ्याला लटकले आणि हिरवी पडले. अस्वलं मात्र ओस अंगणांपर्यंत उतरू लागली.

या वसंतात त्यांची मुलगी सानाए घरी आली. शहरातल्या कामानं तिची झोप उडाली होती.

"आई, जरा बनात बसून येते. मन शांत होईल."

"घंटा ने. आणि कानातली ती बोंडं काढ आधी."

"अगं, त्यात पावसाचा आवाज लावलाय. त्यानंच बरं वाटतं."

"रानात जाऊन डबीतला पाऊस ऐकणार? धन्य आहेस बाई!"

सानाए हसली. मला पिशवीला अडकवून निघाली.

बनात ती डोळे मिटून बसली. ती हलेना, म्हणून मीही मुकी झाले. इतक्यात समोरचे बांबू हलले. वर झाडावर अस्वलाचं एक पिल्लू केकाटलं. खाली कुणीतरी जोरात फुसफुसलं. मला ओरडायचं होतं. पण कुणी हलवल्याशिवाय घंटेला आवाज कुठला?

तेवढ्यात तिच्या कानातला पाऊस थांबला. चार्जिंग संपलं असावं. तिनं डोळे उघडले. अस्वलीण अगदी काही पावलांवर उभी होती.

"पळू नकोस, पाठ फिरवू नकोस," हे आईचं सांगणं तिला आठवलं. ती हळूच उठली आणि एकेक पाऊल मागे सरकली. मी किणकिणत राहिले. अस्वलिणीनं पंजा आपटला. पिल्लू सरसर खाली उतरलं, तशी ती त्याला घेऊन झाडीत शिरली.

घरी येऊन सानाए आईला बिलगली. मग ती म्हणाली, "आई, पाऊस थांबल्यावर पहिल्यांदा मला माझाच श्वास ऐकू आला. अस्वल तर नंतर दिसलं. पण तो श्वास आधीच केवढा घाबरलेला होता गं! किती दिवस तसाच असेल?"

कियोबाईंनी तिचे गार हात आपल्या हातांत घेतले.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, रानात जरूर न्या. पण कान उघडे ठेवा. तुमची चाहूल मी अस्वलाला देईन. अस्वलाची तुम्हाला देणं मला जमत नाही.