अर्थिंगचा खड्डा

“फडकं ओलं व्हतं का कोल्लं? येवढंच सांग.”

झुलालनानांनी तिसऱ्यांदा विचारलं. ते सोसायटीचे चेअरमन. त्यांचा आवाज खोलीत मावत नसे. बाहेर ओट्यावर बसलेल्या केळीवाल्यांनाही तो ऐकू गेला.

“कोल्लं, ठाक कोरडं,” झाडलोट करणारी सुगंधाबाई म्हणाली. “ओलं फडकं मी टेबलाले लावते, नाना. त्याच्या पेटीले नाई.”

“मंग काय आपोआप मेला तो?”

शहाण्णव सालचा मे महिना होता. फैजपूरच्या त्या फळविक्री सोसायटीत कॉम्प्युटर येऊन वर्ष झालं होतं. त्याला काचेची खोली होती, आत जाताना चपला बाहेर काढायच्या. आज सकाळपासून तो धड सुरूच होत नव्हता. बटण दाबलं की पडद्यावर चार पांढऱ्या ओळी उमटत आणि पुन्हा काळोख. पुन्हा त्याच चार ओळी, पुन्हा काळोख. दिल्लीच्या गाडीत कोणाची केळी कुठल्या डब्यात जाणार, ती यादी त्याच्याच पोटात होती. घड तर पहाटेच कापून स्टेशनावर पडलेले.

क्लार्क निंबानं जळगावच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, “आत पाणी गेलं असेल. उघडू नका, मी उद्या येतो.”

पाणी म्हटल्यावर सगळे सुगंधाबाईच्या हातातल्या फडक्याकडे बघू लागले.

नाना ओट्यावर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “चार महिने राह्यले ना तुह्ये रिटायर व्हयाले? उद्यापासून येऊच नको. लोकाईचा माल सडवला तू.”

एकोणीस वर्षं ती उजाडायच्या आत आली होती. माठ भरले, ओटा झाडला, पेले विसळले. कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाचा बाग वाऱ्यानं झोपला, ते तिच्या झाडूला आधी कळायचं. तिच्या कामाला आवाज नव्हता. केळीचं कोवळं पान उलगडतं तसं ते रोज व्हायचं, आणि कोणी थांबून बघत नसे.

ती रडली नाही. आत जाऊन निंबाला म्हणाली, “त्याले हात लावला का बोटाले मुंग्या येतात रे. आठपंधरा दिवस झाले. आधी नव्हत्या येत.”

निंबा थबकला. “मलेही येतात, अक्का. मले वाटलं, यंत्राले असंच राह्यते.”

त्यानं गिरधरभाऊंना बोलावलं. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारे गिरधरभाऊ सायकलवरून आले.

“मोटारीवाला काय करीन इथं?” नाना म्हणाले.

“करंटले कुठं माहीत राह्यते नाना, आपुन मोटारीत शिरलो का कॉम्प्युटरात!”

त्यांनी पिशवीतून दोन वायरी बांधलेला बल्ब काढला. एक वायर भिंतीतल्या चालू तारेला लावली, दुसरी अर्थिंगला. बल्बची तार नुसती लाल झाली, बस.

“मशीन चांगलं आहे. तुमचं अर्थिंग मेलं, करंटले जमिनीत उतराले वाटच नाई. खड्डा कुठी आहे?”

खड्डा मागच्या भिंतीशी होता. माती भेगाळली होती, बोट जाईल इतकी.

“याच्यात पानी कोन टाकत व्हतं?”

मग मागून आवाज आला, “मी.”

सुगंधाबाई पुढे झाली. “लाइन टाकनाऱ्या बाबानं सांगतलं व्हतं, याले तहानलेलं ठेवू नको. पेले धुतल्याचं पानी, माठातलं शिळं पानी, रोज इथंच टाकत व्हते.”

“मंग बंद कावून केलं, अक्का?” गिरधरभाऊंनी विचारलं.

ती मातीकडे बघत राहिली. निंबा नानांकडे बघू लागला. पंधरवड्यापूर्वी नानांनीच तिला दटावलं होतं: चिखल होतो, डास होतात, बंद कर ते.

“राह्यलं,” ती एवढंच म्हणाली.

मग तिनंच पाणी आणलं. आठ बादल्या, वर चार मुठी मीठ. माती आधी सुस्कारली, मग काळी झाली, मग निवली. गिरधरभाऊंनी पुन्हा वायरी जोडल्या. बल्ब लख्ख पेटला.

निंबानं बटण दाबलं. चार ओळी आल्या. पाचवी आली. सहावी आली. थोड्या वेळानं प्रिंटर करकरू लागला, आणि लोकांनी याद्या घेऊन स्टेशनाकडे सायकली पिटाळल्या. म्हातारे तेवढे ओट्यावर राहिले, काही जण यादीची दुसरी प्रत निघण्याची वाट बघत.

नाना काचेच्या खोलीशी आले, हलक्या आवाजात म्हणाले, “उद्या येजो, सुगंधाबाई. चुकलं माह्यं.”

“सकाळी तुमी ओट्यावर बोलले व्हते, नाना.” तिच्या आवाजात राग नव्हता. “ओट्यावर बोला.”

नाना टोपी सारखी करून बाहेर गेले. चौकटीला हात लावून ती आतच उभी राहिली. नाना बोलले. बाईचा काही दोष नव्हता, हे बोलले. पाणी आपणच बंद करायला लावलं, हेही बोलले.

मग ओट्याच्या बाकड्यावरचे एक म्हातारबाबा सरकले आणि शेजारची जागा हातानं झटकून म्हणाले, “ये वं बाई, बस.”

त्या बाकड्यावर ती कधी बसली नव्हती. कडेला टेकली, पाय जुळवून. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. तिनं ते मांडीवर, उताणे, तसेच ठेवून दिले.