काल काय केलंत?

"काल मी माझ्या काकांबरोबर प्राणिसंग्रहालयात गेले होते. तिथे आम्ही हत्ती पाहिला," असं दवाखान्यातल्या आयाबाईंनी घडाघडा इंग्रजीत सांगितलं, आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाई चमकल्या. वाक्यात एकही चूक नव्हती. क्रियापदं जागच्या जागी, उच्चार खणखणीत. फक्त आयाबाई काल सलग दोन पाळ्या करून घरी परतल्या होत्या हे बाईंना ठाऊक होतं, आणि त्यांच्या काकांना जाऊन बारा वर्षं झाली होती हेही.

मागच्या बाकावर बसलेल्या तपासनिसाने मान डोलावली आणि मांडीवरच्या कागदावर काहीच लिहिलं नाही. ही चांगली खूण होती. चूक झाली की तो एक रेघ मारणार होता. सगळ्या वर्गाच्या मिळून दहापेक्षा जास्त रेघा झाल्या, तर संध्याकाळचा हा वर्ग बंद. विद्यार्थ्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर जायचं, म्हणजे दिवसभर राबून आलेल्या माणसांनी इंग्रजीचा नाद सोडायचा, आणि बाईंनी घरी बसायचं. शिक्षण खात्याकडून आलेल्या पत्रात हे फार अदबीने लिहिलं होतं, पण अर्थ तोच होता.

बाई एकोणीस वर्षं हा वर्ग घेत होत्या. सकाळी जिथे दुसरीची मुलं बसत, त्याच खुज्या बाकांवर संध्याकाळी सहाला हे बापेबाया कसेबसे मावत आणि इंग्रजीतल्या काळांशी झटापट करत. बाईंच्या वर्गात कायदा एकच, उदाहरण आपल्या आयुष्यातलं हवं. 'मुलगा चेंडू फेकतो' असली वाक्यं त्यांच्याकडे खपत नसत. कोणता मुलगा? कुणाचा? त्याला दुसरं काही काम नाही का? असं विचारून त्या समोरच्याला भंडावून सोडत. त्यामुळे भूतकाळ शिकवताना कुणाचं तरी मोडलेलं लग्न बाहेर निघे आणि भविष्यकाळात कुणाच्या तरी मुलीची परीक्षा. बाईंचे यजमान म्हणत, "तू इंग्रजी शिकवतेस की गावाच्या भानगडी गोळा करतेस?" बाई म्हणत, "दोन्ही. एकाशिवाय दुसरं येत नाही."

"पुढचे कोण?" तपासनिसाने विचारलं, आणि मग इंग्रजीत तोच प्रश्न टाकला, "काल काय केलंत?"

टॅक्सीवाला उठला. आज त्याने शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावली होती. "यस्टर्डे आय वेंट टू द झू विथ माय अंकल," तो म्हणाला. त्यालाही हत्ती दिसला होता.

त्याच्यानंतर बेकरीवाला उठला. तोही काकांना घेऊन तिथेच गेला होता, आणि त्याच्यामागचे सगळेही.

आता बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या बाई जाऊ नयेत म्हणून ही मंडळी गुपचूप गाईड घेऊन बसली होती. बेकरीच्या मागच्या खोलीत जमून एकेक पान घोटलं असणार. सगळ्यांना एकच प्रश्न येईल, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. रागवावं की एकेकाला जवळ घ्यावं, बाईंना कळेना.

तपासनिसाने पेन खाली ठेवलं. तो बाईंच्या धाकट्या मुलाच्या वयाचा असेल. "बाई, काल तिकडे बरीच गर्दी झालेली दिसते," तो म्हणाला. "हत्ती बिचारा दमला असेल."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाईंना हसू आवरेना, म्हणून त्या फळा पुसायला वळल्या. फळा कोराच होता.

"हे बघा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "माझ्या कागदावर खऱ्याखोट्याचा रकाना नाहीये. चुका किती, एवढंच विचारलंय. आत्तापर्यंत एकही नाही. आता एकच जण राहिलेत. त्यांचं झालं की मी निघतो, तुम्हीही सुटलात."

राहिले होते मिस्त्री. साठीचे गवंडी. दोन वर्षांत वर्गात त्यांनी तोंड उघडलं होतं ते फक्त हजेरीला. वहीत लिहीत नीट, एकाखाली एक, विटा रचाव्यात तशी अक्षरं. पण बोलायला उठले की पहिल्याच शब्दाशी अडायचे. त्यांची लेक परदेशात होती. नातवंडं फोनवर इंग्रजीतच बोलत, आणि हे 'हॅलो' म्हणून फोन बायकोच्या हातात देऊन मोकळे होत. त्या फोनसाठीच ते वर्गाला येत होते.

"सर, यांचा घसा बसलाय," बेकरीवाल्याने चटकन सांगून टाकलं. "डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलंय."

बाईंनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण तोवर मिस्त्री उभे राहिले होते.

"यस्टर्डे," ते म्हणाले, "आय वेंट टू द झू... विथ..."

"अंकल, अंकल," आयाबाई कुजबुजल्या.

मिस्त्रींनी आपल्या चुन्या-सिमेंटने चिरलेल्या हातांकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. "नो झू," ते म्हणाले. "यस्टर्डे आय ब्रेक वॉल."

मागून रेघ मारल्याचा आवाज आला. आता 'बसा मिस्त्री' म्हटलं की वर्ग वाचला. बाईंना ते कळत होतं. पण ज्या आवाजाची दोन वर्षं वाट पाहिली तो आवाज आज बाहेर पडला होता, आणि त्याला गप्प करणं त्यांच्या जिवावर आलं.

"कोणती भिंत?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मिस्त्री सांगू लागले. जुनं घर. मालकाला खोली मोठी करायची होती, मागची भिंत पाडायला सांगितली. सकाळी आठला घण हातात घेतला. भिंत हलेना. दहा वाजले, अकरा वाजले, भिंत हलेना. हे सगळं ते तुकड्या-तुकड्यांत सांगत होते, एक शब्द इथून, एक तिथून, मध्येच हाताने घण मारून दाखवत. "आय व्हेरी अँग्री," ते म्हणाले. "हू मेक दिस वॉल? आय से बॅड वर्ड. व्हेरी बॅड."

टॅक्सीवाला फिस्सकन हसला. बाईंचा एक कान मिस्त्रींकडे आणि एक पेनाकडे होता. आठ. नऊ. दहा. इथे थांबलं असतं तर अजून निभावलं असतं. मिस्त्रींनाही अंदाज आला असावा. ते थांबले, रुमालाने तोंड पुसलं आणि मराठीत म्हणाले, "बाई, बसू का? पुरे झालं."

सगळा वर्ग बाईंकडे पाहू लागला. आयाबाईंनी तर डोळ्यांनीच हात जोडले.

"अँड देन?" बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी श्वास घेतला. दुपारी गिलावा पडला आणि आतल्या विटा दिसल्या. कोपऱ्यातल्या विटा. प्रत्येक गवंडी कोपरा आपल्या पद्धतीने वळवतो, हे त्यांनी दोन तळहात एकमेकांवर आडवे ठेवून दाखवलं. "माय कॉर्नर," ते म्हणाले. "माय वॉल. थर्टी इयर बिफोर, आय मेक. आय यंग मॅन."

सकाळपासून ते ज्याला शिव्या घालत होते, तो गवंडी ते स्वतःच होते. कुणी हसलं नाही.

"डिड यू ब्रेक इट?" हा प्रश्न तपासनिसाचा होता. आपण कधी पुढे वाकलो, हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"येस. ओनर से ब्रेक, आय ब्रेक." मिस्त्री जरा विचारात पडले. "बट स्लो," ते म्हणाले. "व्हेरी स्लो."

तपासनिसाने कागदावर नजर टाकली, रेघा मोजल्या आणि उगाच पुन्हा मोजल्या. "सोळा झाल्या, बाई," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"अठरा," बाई म्हणाल्या. "दोन तुमच्याकडून ऐकण्याच्या नादात सुटल्या."

त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग आणखी दोन रेघा मारल्या, खाली सही केली. वर्ग गेला होता. बाईंचे डोळे भरून आले, पण गेल्या कित्येक वर्षांत असा तास झाला नव्हता, हेही त्यांना त्याच क्षणी वाटत होतं.

मिस्त्री अजून उभेच होते. त्यांना कागदाचं भानच नव्हतं. चेहरा लाल झाला होता आणि डोळे चमकत होते.

"बाई," ते म्हणाले, "संध्याकाळचं सांगायचं राहिलं."

"मग सांगा की. अजून वीस मिनिटं आहेत. इंग्रजीत सांगा."

निघायला उठलेल्या तपासनिसाने पेनाला टोपण लावलं, कागद पिशवीत घातला आणि तो पुन्हा बाकावर बसला.