भिंतीवरून गेलेली नळी

आमच्या लेकीचं, पुष्पाचं, लग्न झालं ते १९७४ साल. दोन वर्षांआधीच्या मोठ्या दुष्काळात गावामागच्या टेकडीवरची झाडं सरपणासाठी तुटली होती. म्हणून लग्नाच्या स्वयंपाकाचं लाकूड अमडापूरहून बैलगाडीनं आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावाच्या, भगवंतरावांच्या अंगणात गोबर गॅसची टाकी बसली.

दोन घरांच्या मधे छातीएवढी भिंत. पलीकडे भाऊ आणि सत्यभामावहिनी, अलीकडे मी आणि माझी बायको अन्नपूर्णा. विहिरीसारखा खड्डा, त्यात पाण्यात कालवलेलं शेण, वर लोखंडाची उपडी टाकी. गॅस साठला की टाकी आपोआप वर यायची. वहिनी काडी ओढायची आणि निळा जाळ लागायचा. गावात कोणाकडे पाहुणे आले की त्यांना तो जाळ दाखवायला आणायचे.

अन्नपूर्णा तिकडे बघायची नाही. पण टाकी आज किती वर आली, हे तिला माझ्याआधी माहीत असायचं.

"शेणावर भाकर भाजते अन् मिरवते पाहा कशी," ती म्हणायची.

"तूही गवऱ्याच जाळते ना?"

"माह्या गवऱ्या वाळेल असतात."

तिच्या गवऱ्यांचं नाव होतं. कोणाकडे कणकेचे रोडगे गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे असले की लोक तिच्याच गवऱ्या मागायचे. टाकी आल्यापासून मात्र गावात बोलणं निघालं की ते निळ्या जाळाचंच. तिला ते सोसत नव्हतं. त्यात चुलीच्या धुरानं तिची छाती धरलेली. चिखलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, बाई, धुरात बसू नका, नाहीतर जिवावर बेतेल. तिनं त्यांच्या गोळ्या घेतल्या आणि पुन्हा धुरात जाऊन बसली.

वहिनीची अडचण वेगळी होती. भावाकडे तीनच ढोरं, टाकी अर्धीच वर यायची. एकदा ती आमच्या दारात आली.

"अन्नपूर्णे, तुमच्या गोठ्यातलं शेण टाकीत टाकत जाऊ. नळी तुह्या चुलीपाशी आणू. दोघीही रांधू."

मला पटलं. पण वेळ चुकली होती. नुकतीच दिवेलागण झालेली. त्या वेळी आमच्यात घरातलं दूध, मीठ कोणाला देत नाहीत, लक्ष्मी बाहेर जाते म्हणून. आणि शेण तर लक्ष्मीच.

"बाई, दिवे लागल्यावर शेण मांगाले आल्या? माह्या घरची लक्ष्मी तुमच्या खड्ड्यात बुडवाची हाय काय?"

"अवं, कामातून मोकळी झाली तशी आली मी."

"मोकळ्या नाही झाल्या, टपून बसल्या होत्या."

वहिनी आल्या पावली परत गेली. पावसाळा आला, गवऱ्या ओलसर राहिल्या, धूर दुप्पट झाला. अन्नपूर्णेला उभ्यानं श्वास पुरेना. तरी ती चुलीपुढून हलेना.

एका सकाळी मी भावाच्या ओसरीवर चहा पीत होतो. रोजच प्यायचो. अन्नपूर्णेनं भिंतीवरून पाहिलं.

"काऊन, घरी चहा भेटत नाही तुमाले?"

"इथं डोळे झोंबत नाहीत," मी म्हणालो.

अन्नपूर्णेच्या आधी वहिनीच उसळली. "बोल त्याले, बोल! अन् माहा घरवाला रोज वावरात तुह्या हातची भाकर खाऊन राह्यला, ते नाही दिसत तुले?"

भाऊ कपात बघू लागला. खरंच होतं ते. तो माझ्या शिदोरीतली भाकर घ्यायचा आणि स्वतःची बैलांना घालायचा.

"टाकी आली तवापासून माही भाकर त्यायच्या घशाखाली उतरत नाही. म्हन्ते, अन्नपूर्णेच्या भाकरीले धुराचा वास हाय. वास! शेण कालवून कालवून हात गेले माहे, अन् नाव तुहं!" वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हंजे... तुमाले माहा हेवा वाटते, बाई?"

"नाही त काय!"

अन्नपूर्णा हसायला लागली. हसता हसता ढास लागली, ती भिंत धरून खाली बसली. वहिनीनं भिंतीवरून पाण्याचा गडवा दिला. त्या एका "नाही त काय" नं अन्नपूर्णेला जे समाधान मिळालं, ते डॉक्टरांच्या गोळ्यांनी कधी मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं ऊन वर आल्यावर, तिनं शेणाची पाटी स्वतः पलीकडे नेली. अटी घातल्या. रोज पहिला जाळ तिच्याकडे, आणि रोडग्यापुरत्या गवऱ्या तीच थापणार. वहिनी म्हणाली, "हाव बाई, हाव." भिंतीवरून नळी आली. टाकी पहिल्यांदा पुरती वर आली.

मग जाळ कोणाचा मोठा, यावर भांडणं सुरू झाली. ती बघून गावातले उकंडराव आणि नारायणराव पेटले. शेताच्या बांधाच्या भांडणात एकमेकांशी बोलणं टाकलेली ही माणसं, पण आमच्याहून मोठी टाकी बसवायची म्हणून त्यांनी शेण एकत्र केलं. मग वरच्या गल्लीनं केलं. बाया सरपणाला जाईनाशा झाल्या, तशी टेकडीवर पळसाच्या खोडांना पुन्हा फूट आली. आता हवा तापली, धूर कमी करा, असं रेडिओवर सांगतात. आमच्या गावात तो जळफळाटानं कमी झाला.

सत्यभामावहिनी गेली तेव्हा अन्नपूर्णा शेगडीपाशी बसून रडली आणि म्हणाली, "इथंही माह्या पुढंच गेली."

सत्यभामावहिनी १९७९ च्या पौषात वारली. अन्नपूर्णा १९८१ च्या आषाढात, छातीच्याच दुखण्यानं.