चालतंय म्हणणाऱ्या बाईचा अर्ज

लेकीला शाळेत मदतनीस मिळावा म्हणून केलेल्या अर्जात लीअॅन अॅक्रॉइडने तेच लिहिलं, जे तक्रारीला कमीपणा मानणाऱ्या इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधली कुठलीही बाई लिहील. झोप? चालतंय. जेवण? चालतंय. रस्त्यावर सुरक्षित? लक्ष ठेवावं लागतं, पण चालतंय. स्थानिक कौन्सिलने तिचा शब्द खरा मानला आणि तिच्या सात वर्षांच्या लेकीला, हेटीला, मदतनीस नाकारला. मदतनीस नसेल तर हेटीला बारानंतर ठेवून घेता येणार नाही, असं शाळेने कळवलं. म्हणजे लीअॅनची बेकरीतली नोकरी गेलीच, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तिने पुन्हा अर्ज केला, तेव्हा कौन्सिलच्या मिसेस सटक्लिफ घरीच आल्या. चहात भरपूर दूध ओतून घेतलं आणि पहिला अर्ज टेबलावर पसरला.

“या अर्जातलं घर कुणाचं गं पोरी? माझ्या घरापेक्षा सुखाचं दिसतंय.”

“आमचंच.”

“बरं. या महिन्यातला सगळ्यात वाईट दिवस सांग.”

“तसं विशेष काही नाही. लोकांचं याहून वाईट असतं.”

“लोकांच्या फायली माझ्याकडे वेगळ्या आहेत. तू तुझं बोल.”

मोडलेल्या मनगटाला ‘जरा ठणकतंय’ म्हणणाऱ्या आईची ही लेक. तक्रार तोंडातून निघता निघेना. पण शेवटी निघाली. शाळेत आग लागल्यास बाहेर पडायच्या सरावाची घंटा वाजली आणि हेटी घाबरून वर्गातून पळाली, ती थेट रस्त्यावर. बसवाल्याने करकचून ब्रेक लावला म्हणून वाचली. तेव्हापासून शाळेचा फोन आला की लीअॅन आधी कोट चढवते, मग फोन उचलते.

“हे अर्जात का नाही लिहिलंस?”

“बरं दिसत नाही हो. हिला पोर सांभाळता येत नाही, असं वाटेल.”

“अगं, तू काय स्वतःचं प्रगतिपुस्तक भरतेस का? हेटीला काय लागतं, ते लिहायचंय.”

मग दोघींनी मिळून सहा पानं लिहिली. बाईंचा चहा गार झाला, तरी त्या उठल्या नाहीत.

काही आठवड्यांनी पत्र आलं. ‘शाळेच्या पूर्ण वेळेत, दररोज, एक मदतनीस.’ ‘गरजेनुसार’ नाही, ‘शक्य असल्यास’ नाही, ‘दररोज’. लीअॅनने ते वाक्य तीनदा वाचलं. सुटले बाई, असं म्हणून ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि मोकळेपणी रडली. असं रडायची तिला सवय नव्हती, त्यामुळे आवाज जरा मोठाच झाला.

हेटी आतून आली. आईसमोर उभी राहिली. मग गोंगाट सोसत नाही म्हणून ती दिवसभर कानांवर घालायची ते हेडफोनसारखे निळे जाड गोळे तिने काढले आणि हलकेच आईच्या कानांवर बसवले.