तिची पोज

बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. शर्टाच्या जाहिरातीसाठी दुकानाच्या भिंतीवर पेंटरने तिलाच रंगवलं. त्याचा ढगळ शर्ट घालून, कॉलर वर करून ती आरशासमोर उभी राहायची, अगदी तशी.

दुकानदार बघून हसला. "पेंटर, ही पोज त्या सिनेमातल्या नटीची. कुठून ढापलीत?"

"माझी बायको आहे ती."

"मग वहिनींनी ढापली असेल! पोज राहू द्या, तीच खपते. चेहरा तेवढा नटीचा करा."

तो सिनेमा तिने हट्टाने दोनदा पाहिला होता, हे पेंटरला आता आठवलं. म्हणजे चित्रात तिचं स्वतःचं असं काय उरलं? पुढचा वाकडा दात. ब्रश उचलून त्याने आधी तोच सरळ केला.