मुंगीएवढी अक्षरं

टिल्डा ओयालाने लॅपटॉप पुन्हा बंद करून सुरू केला आणि खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलून ती झुलत बसली. एरवी मी तिला टोकलं असतं. त्या दुपारी माझंही लक्ष पडद्याकडेच होतं.

"आल्या का मुंग्या?" तिने विचारलं.

"आल्या," मी म्हणाले.

खुर्ची दाणकन खाली आली.

गावच्या ग्रंथालयाच्या तळघरात मी दर शनिवारी मुलांच्या क्लबला कॉम्प्युटर शिकवते. लोकांनी नको म्हणून दिलेली यंत्रं आम्ही उघडतो, पुसतो, त्यांच्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवतो. ज्याने यंत्र उभं केलं, ते त्याचं. पण घरी नेण्याआधी एक परीक्षा असते. मी यंत्रात मुद्दाम एक बिघाड करून ठेवते. मग सुरू होता होता ते अर्ध्यावरच अडतं. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी तेवढ्या उरतात. त्या वाचून बिघाड शोधायचा आणि दुरुस्त करायचा, एकट्याने. कुणी बोट दाखवायचं नाही. मी तर हात पाठीमागे धरूनच उभी राहते, कारण शिकवणाऱ्याचे हात मोकळे असले की ते आपसूक कीबोर्डकडे जातात.

टिल्डा तेरा वर्षांची. तिच्या नजरेचा मधला भाग धूसर आहे, कडेने तेवढं दिसतं. म्हणून ती मान कलती करून कोंबडीसारखी बघते, उपमा तिचीच. अक्षर मोठं असलं की ती भराभर वाचते. पण तिच्या वाट्याला आलेल्या लॅपटॉपचा पडदा इतक्या बारीक ठिपक्यांचा होता, की काळ्या पडद्यावर मुंग्यांची रांग चालल्यासारखं दिसायचं. एकदा खिडक्या आल्या की ती सगळं हवं तेवढं मोठं करून घ्यायची. परीक्षा मात्र खिडक्यांच्या आधीची होती. आणि तो हंगामातला शेवटचा शनिवार. उरलेली यंत्रं सोमवारी पलीकडच्या गावच्या क्लबला जाणार होती.

"मी वाचून दाखवतो की," मार्लो म्हणाला. तिच्याच शाळेतला हा मुलगा परीक्षा पास झाल्यापासून आपलं यंत्र काखेत घेऊनच हिंडायचा. "बाई तेवढा वेळ डोळे मिटतील."

"शाळेत फळा तू वाचतोस. कँटीनमध्ये पाटी तू वाचतोस. आता माझ्या मशीनमध्येही राहायला ये. भाडं दे फक्त."

"फुकटात मदत करतोय, तर त्याचंही हिला ओझं."

"हो, तुझंच ओझं होतं."

मीही एक वाट काढून पाहिली. म्हटलं, "टिल्डा, तुझी परीक्षा आपण खिडक्या आल्यावर घेऊया का?"

टेबलावर ताल धरलेली तिची बोटं थांबली. "मार्लोची तशी घेतली होती?"

"नाही."

"मग झालं तर."

बोटं पुन्हा चालू झाली.

गंमत अशी होती, की हाताने आज्ञा दिली की अक्षरं लगेच मोठी होत. सेटिंगच्या फाइलमध्येही तोच मोठ्या अक्षरांचा फॉन्ट लिहिला होता. तरी यंत्र बंद करून सुरू केलं की पुन्हा मुंग्या. मला वाटत होतं, ती फाइल वाचलीच जात नाहीये. मार्लोच्या मते तो फॉन्टच खराब होता. टिल्डा दुसरा फॉन्ट घालून बघायची, तिसरा घालून बघायची, मग उठून जिन्यापर्यंत चक्कर मारून यायची. तिची मटण-बटाट्याची पेस्टी टेबलावर गार होत होती. गावालगतच्या सरोवरावरून वारा सुटला होता आणि तळघराच्या खिडकीबाहेर बर्फाचा ढीग चढत होता. पाठीमागे माझी बोटं एकमेकांत गुंतून दुखायला लागली होती.

"तुम्ही दोघं बघता काय नक्की?" टिल्डाने एकदम विचारलं.

"ओळी वाचतो," मार्लो म्हणाला.

"त्याच तर मला दिसत नाहीत. पण मध्येच काहीतरी मोठं होतं. डोळ्याच्या कडेला कळतं. पांढरं फुगतं आणि पुन्हा बसतं."

"तुला भास होतोय."

"तू वाचत बस."

तिने फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा केला, चित्रण सुरू केलं आणि लॅपटॉप पुन्हा चालू केला. मग ते चित्रण तिने अगदी संथ करून लावलं आणि फोन नाकाशी धरला. मी नि मार्लो तिच्या खांद्यावरून वाकलो. आधी बारीक ओळी आल्या. मग एका क्षणी सगळी अक्षरं टपोरी झाली, अगदी तिला हवी तशी. तेवढ्यात पडदा काळा झाला, आणि परत आला तेव्हा मुंग्या.

फाइल वाचली जात होती, फॉन्टही चांगला होता. इतका वेळ आम्ही दोघं धडधाकट डोळ्यांची माणसं चूक मजकुरात शोधत बसलो होतो.

"काळं होतं तिथे थांबव," मी म्हणाले. "मार्लो, त्याच्या आधीची ओळ कसली आहे?"

मार्लोने टिल्डाकडे पाहिलं. "वाचू? की भाडं पडेल?"

"वाच. ही परीक्षा नाहीये."

"ग्राफिक्सचा ड्रायव्हर. आत्ता कुठे उगवतोय."

मला उलगडा झाला होता. पण मी ओठ मिटून ठेवले. मुलांच्या तोंडाशी आलेला घास आपण खाऊ नये. टिल्डा उठली, जिन्यापर्यंत गेली, खिडकीशी थांबली. बाहेर पिवळा दिवा फिरवत बर्फ ढकलणारी गाडी चालली होती. टिल्डाचे वडील तशीच गाडी चालवतात.

"बाई, आमच्या शेजारचे म्हातारबुवा रोज सकाळी दाराचा रस्ता साफ करतात," ती तिथूनच म्हणाली. "अगदी झाडूने. मग बाबांची गाडी येते आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ त्यांच्या दाराशी ढकलून जाते. म्हातारबुवा शिव्या घालतात. बाबा म्हणतात, गाडी येऊन जायच्या आधी फावडं हातात घ्यायचंच कशाला."

"बरं मग?"

"आपण आधी झाडतोय. ड्रायव्हर नंतर येतो आणि पडदा नव्याने मांडतो. त्याला आपला फॉन्ट काय माहीत?"

"मग काय करशील?"

"उशिरा झाडीन."

तिने फॉन्टची आज्ञा सुरुवातीच्या कामांच्या अगदी शेवटी नेऊन ठेवली. यंत्र सुरू झालं, मुंग्या धावल्या, आणि शेवटी अक्षरं मोठी झाली. मार्लोने टाळीसाठी हात उचलला. टिल्डाने हात पुढे केला आणि अर्ध्यातच मागे घेतला.

"परीक्षेत हे अर्ध्यावर अडणार ना? मग शेवट येणारच नाही."

"नाही येणार," मी म्हणाले.

मार्लोचा हात हवेतच राहिला. "अगं, दे की टाळी. तेवढी तर कमावलीस."

जिन्यावरून ग्रंथपालबाई डोकावल्या. रस्ते बंद होत आहेत, आज लवकर आवरायचं, म्हणाल्या. टिल्डाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

"झाडणं पुढे ढकलता येत नसेल, तर गाडीला लवकर बोलवायचं," ती पुटपुटली. "बाई, यंत्र जागं होताना सोबत ती शिदोरी उघडतं ना? पहिल्या कामापुरतं सामान असतं तिच्यात. त्यात ड्रायव्हर घातला तर?"

"घालून बघ."

तिने ड्रायव्हरचं नाव शिदोरीच्या यादीत घातलं, फॉन्टही शिदोरीत जाईल असं सांगितलं, आणि यंत्र सुरू केलं. मुंग्या. तिने टेबलावर कपाळ टेकलं. मार्लोने तोंड उघडलं, मी मान हलवली, त्याने मिटलं. माझ्या हातांनी पाठीमागे एकमेकांची मनगटं घट्ट धरली होती.

"यादी बदलली," ती टेबलाशीच बोलली, "पण डबा कालचाच आहे. नव्याने भरलाच नाही."

शिदोरी नव्याने बांधायची आज्ञा तिने दिली. यंत्राने वेळ घेतला. मग लॅपटॉप बंद झाला, सुरू झाला, पडदा एकदा काळा झाला, आणि पहिल्याच ओळीपासून अक्षरं आली ती तिच्या मापाची.

"करा बिघाड," टिल्डा म्हणाली. "लवकर करा."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी सुरुवातीच्या एका फाइलमध्ये, यंत्रात नसलेल्या डिस्कचं नाव घातलं, यंत्र पुन्हा सुरू करून दिलं आणि हात मागे घेतले. ते अडलं. टिल्डा मान कलती करून पडद्याशी गेली. अक्षरं मोठी, म्हणून ओळी थोड्याच मावत होत्या. हवी ती ओळ कधीच वर निघून गेली होती. आमच्या क्लबच्या सगळ्या यंत्रांना असलेला ठरलेला पासवर्ड टाकून ती आत शिरली आणि नोंदी पहिल्यापासून एकेक पान उलटत वाचायला लागली. वाचताना तिचे ओठ हलत होते. मार्लोला ती ओळ तिच्या आधी दिसली. तो बुटाने फरशी घासायला लागला.

"पाय थांबव," ती न वळता म्हणाली.

वरचे दिवे एकेक करून मालवले जात होते. ग्रंथपालबाई पुन्हा जिन्यावर आल्या आणि तिथेच थांबल्या. टिल्डा एक पान पुढे गेली, पुन्हा मागे आली, पडद्याला नाक लावून राहिली.

"ही डिस्क कोणाची? माझी नाही ही."

तिने फाइल उघडली, ती ओळ शोधून पुसली, आणि यंत्र सुरू केलं. या वेळी ते अडलं नाही. खिडक्या आल्या, पण तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती पुन्हा काळ्या पडद्यावर गेली आणि एक छोटी आज्ञा लिहिली. यंत्राने तिला जुना पासवर्ड विचारला, मग नवा.

तिचे हात कीबोर्डवर थांबले.

"क्लबचा शब्द काढून टाकतेय," ती म्हणाली. "दोघंही तिकडे तोंड करा."

"मी पाहिला तरी कुणाला सांगणार आहे?" मार्लो म्हणाला.

"तिकडे."

मार्लो वळला. मीही भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, आणि मागून बटणांचा आवाज येत राहिला.