शेपटीची घंटी

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. ते बेकरने पहिल्याच रविवारी ठेवलं, कारण पहाटे साडेपाचला, जगातली शहाणी माणसं उशीत तोंड खुपसून पडलेली असताना, ही पोरगी सायकलवर बसल्यापासून उतरेपर्यंत अखंड बोलत होती. त्याला आता सात महिने झाले होते, आणि सात महिन्यांत टिटवीचं बरंच काही बदललं होतं. पोटऱ्यांवर घट्ट गोळे आले होते. शाळेचा जिना ती दोन-दोन पायऱ्या गाळून चढायची. वर्गात हात वर करताना पूर्वी कोपर बाकाला चिकटून बसायचं, ते कधी सुटलं तिलाही कळलं नाही. थोडक्यात, बाईसाहेब हवेत होत्या.

गटात पाच जण. म्होरके घड्याळकाका: पासष्टीचे, बाजारात जिन्याखालच्या चिमुकल्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारे, बोलायचे तेही सेकंद मोजून. मग दातांच्या डॉक्टरबाई. रविवारी कोणी त्यांना तोंड उघडून दाढ दाखवली की त्या सरळ हेल्मेट चढवून निघून जायच्या. मग बेकर, जो सगळ्यांसाठी पाव आणायचा आणि अर्धे वाटेत स्वतःच संपवायचा. मग टिटवीची आत्या, शाळांचे गणवेश शिवणारी. "तीस वर्षं पायाने मशीन चालवतेय," ती म्हणायची, "फरक एवढाच, की सायकल जागची हलते." आणि शेवटची टिटवी.

महिनाभराने तीनशे किलोमीटरची मोठी राईड होती. वीस तास, चौघांचा संघ, आणि संघातली सगळ्यात मागची सायकल रेघ ओलांडेल तीच संघाची वेळ. जागा चार, माणसं पाच. काका, डॉक्टरबाई आणि बेकर पक्के होते. चौथी जागा आत्याची की भाचीची, ते आजच्या सरावात ठरणार होतं. गेल्या वर्षी आत्याचा गुडघा शेवटच्या रेघेच्या साठ किलोमीटर आधी संपावर गेला होता. तेव्हाचा छातीवर लावायचा नंबर तिने मशीनसमोरच्या भिंतीला टाचून ठेवला होता. कापताना, शिवताना, काजं करताना तो समोर असायचा. त्याबद्दल ती कधी चकार शब्द काढत नसे.

काल जेवताना बाबा म्हणाले होते, "एकीकडे बहीण, एकीकडे लेक. मी कोणाच्या बाजूने बोलू?"

"तुम्ही गप्प जेवा," आई म्हणाली.

आत्याने टिटवीच्या ताटात स्वतःचा उकडलेला बटाटा ठेवला. "खा. उद्या मला हरवायचंय ना?"

"हरवणारच आहे," टिटवी म्हणाली. सगळे हसले. टिटवी गंमत करत नव्हती, हे फक्त टिटवीला माहीत होतं.

आता काकांच्या घंटीबद्दल सांगायला हवं. एका मोडक्या गजराच्या घड्याळातून काढलेली ती वाटीएवढी पितळी घंटी, आत सैल टांगलेला लोलक. गटात जो शेवटी असेल त्याच्या सीटखाली ती बांधायची. दर तासाला शेवटचा बदलायचा, घंटीही बदलायची. रस्त्याच्या बारीकसारीक धक्क्यांनी ती आपोआप किणकिणत राहायची. नियम एकच: पुढे असणाऱ्याला मागची घंटी ऐकू आली पाहिजे. पुढचा माणूस वारा अंगावर घेतो, वेग तोच ठरवतो, म्हणून कानही त्यानेच उघडे ठेवायचे. वेग दाखवणारं यंत्र सायकलला लावायला काकांनी बंदी घातली होती. "आकडा दिसला की माणूस आकड्याशी बोलायला लागतो," ते म्हणायचे.

पहिल्या महिन्यांत ही घंटी टिटवीच्या सायकललाच जास्त असायची. मागे राहून राहून तिला एक गोष्ट दिसली होती, आणि ती तिने मनाशी जपून ठेवली होती. मध्येच पुढच्यांचे पाय थांबायचे आणि मोकळ्या सुटलेल्या चाकांची टिकटिक ऐकू यायची. चढ असो, वारा असो, टिकटिक व्हायचीच. दमली वाटतं मंडळी, टिटवीला तेव्हा वाटायचं. मी सगळ्यात नवी, सगळ्यात लहान, आणि तरी यांना गाठते! त्या टिकटिकीवर तिचा सगळा आत्मविश्वास उभा होता म्हणा ना.

तर तो रविवार. जाताना सत्तर किलोमीटर, ट्रक मोजायच्या जुन्या वजनकाट्यापर्यंत, आणि तिथून परत. पहिले दोन तास सुरळीत गेले. गोदामांच्या रांगा मागे पडल्या, कालव्याचा रस्ता लागला. तिसऱ्या तासाला घंटी आत्याकडे गेली आणि काकांनी बोटाने टिटवीला पुढे बोलावलं.

वारा पाठीशी होता. कालव्याच्या कडेने नुकताच नवा डांबरी रस्ता झाला होता, काळाभोर, पाटीसारखा सपाट. टिटवीच्या चाकांखाली एक खडा येईना. पाय आपोआप फिरत होते, आणि आपण किती वेगात आहोत हे आकड्याशिवायही तिला कळत होतं, कारण मागून बेकरचा आवाज आला, "अगं ए टिटवे, पाव भाजायचाय, जाळायचा नाही!"

ती हसली आणि अजून जोर लावला.

घंटी ऐकू येत नव्हती. हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं. पण रस्ता गुळगुळीत आहे, धक्काच नाही तर घंटी वाजेल कशी, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि स्वतःला ते पटलंही. पटवून घ्यायची घाई असली की माणसाला काहीही पटतं.

मग मागून, बऱ्याच लांबून, एकच टोला आला. टण्.

तो रस्त्याच्या धक्क्याचा नव्हता. धक्क्याने घंटी किणकिणते, असा एकटा टोला देत नाही. हात मागे नेऊन कोणीतरी घंटीवर बोट मारलं होतं. एक क्षण टिटवीचे पाय अडखळले. आणि मग भिंतीवर टाचलेला तो नंबर तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि काकांच्या पाठीवरच्या खिशातला, चौथं नाव भरायचा फॉर्म आला, आणि तिने डोकं खाली घालून गियर बदलला.

दुसरा टोला आला नाही.

वजनकाट्याचं छप्पर दिसलं तेव्हा तिच्यामागे तिघं होते. काकांनी सायकल टेकवली आणि मनगटाकडे पाहिलं. बेकर कठड्यावर बसून पोट धरून श्वास घेत होता. डॉक्टरबाईंनी हेल्मेट काढलं, रस्त्याकडे पाहिलं. "ती कुठाय?"

रस्ता मोकळा होता. अगदी लांबवर, उन्हात हलणारा एक ठिपका.

आत्या पोचायला नऊ मिनिटं लागली. काकांनी मोजली, ते मोजणारच. ती आली तेव्हा तिचा चेहरा ओल्या फडक्यासारखा झाला होता, आणि उतरताना तिने उजवा पाय हाताने उचलून पलीकडे घेतला. मग बाटली तोंडाला लावली, ती निम्मी संपेपर्यंत खाली ठेवली नाही.

"घंटी बंद पडली तेव्हा कळलं नाही का?" काकांनी विचारलं. विचारलं टिटवीला.

"नवा रस्ता आहे ना," उत्तर आत्यानेच दिलं. "लोण्यासारखा. घंटी वाजणार कशी? पोरीची काय चूक त्यात?"

"हाताने वाजवायची."

"नाही सुचलं बाई," आत्या म्हणाली आणि गुडघा चोळायला खाली वाकली.

टिटवीने तिच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. जागा आता टिटवीची होती. कोणी हिसकावली नव्हती, ती समोर आयती ठेवली होती, कालच्या बटाट्यासारखी.

"वाजवली होती," टिटवी म्हणाली.

बेकरने पाव तोंडाजवळ नेला होता, तो तिथेच थांबला.

"एकदा वाजवली तिने. मला ऐकू आली. मी थांबले नाही."

"मला तर माझ्याच धापा ऐकू येत होत्या," बेकर पुटपुटला.

"मला आली होती ऐकू," काका म्हणाले.

डॉक्टरबाई गर्रकन वळल्या. "मग तुम्ही का नाही थांबवलंत? तिचा गुडघा काय तुमच्या दुकानातला सुटा भाग आहे?"

"पुढे कोण आहे ते बघत होतो."

"छान. बघितलंत ना? आता त्या गुडघ्याला बर्फ बघा कुठून मिळतो ते."

काकांचे कान लाल झाले. ते निमूटपणे वजनकाट्याशेजारच्या टपरीकडे गेले आणि थंड पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आले. आत्याने त्या गुडघ्याला दोन्ही बाजूंनी लावल्या. मग काकांनी पाठीवरच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून फॉर्म, आणि पेन.

"मला नको," आत्या म्हणाली. "मी हळू आहे, हे खरंच आहे. पोरीने खरं सांगितलं म्हणून मला बक्षीस कशाला?"

"बक्षीस नाही," काका म्हणाले. फॉर्म त्यांनी सायकलच्या सीटवर पसरला होता आणि दुसऱ्या हाताने वाऱ्यापासून धरला होता. "हळू माणसाला मी नेऊ शकतो, तुझा वेग धरून चाललो तरी वीस तासांत बसतंय, मी हिशेब केलाय. पण पुढचा ऐकत नसेल तर मी काय करू? रात्री दोन वाजता, दोनशे किलोमीटर झाल्यावर?" त्यांनी टिटवीकडे पाहिलं. आवाज रागाचा नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "तुझे पाय तयार आहेत. तू नाहीस."

त्यांनी आत्याचं नाव लिहिलं. सही करण्याआधी आत्याने हात पँटला पुसले, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि सही करताना टिटवीकडे पाहिलं नाही. टिटवीने मान वळवून कालव्याकडे पाहिलं. पाण्यात एक चप्पल तरंगत चालली होती. तिने ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

परतीला घंटी टिटवीने स्वतःच मागून घेतली. आत्याच्या सीटखालची तार सोडताना तिची बोटं आत्याच्या बोटांना लागली.

"खोटं का बोललीस?" टिटवीने हळूच विचारलं.

"तू का नाही बोललीस?" आत्या म्हणाली. "मी तर सगळं जुळवून दिलं होतं." मग तिने टिटवीच्या हेल्मेटवर टिचकी मारली. "पण दुसऱ्यांदा वाजवणार नव्हते हं मी. एकदा वाजवली ती वाजवली. मलाही मान आहे."

वेग तिचाच राहावा म्हणून काकांनी आत्याला सगळ्यात पुढे ठेवलं. आता वारा तोंडावर होता. जाताना ज्याने पाठीवर थाप मारली होती तोच वारा आता छातीवर हात ठेवून ढकलत होता. पहिले दहा किलोमीटर टिटवी दात आवळून राहिली. मग सकाळची उधळपट्टी पायांनी वसूल करायला सुरुवात केली. मांड्या दगड झाल्या. बेकरचं मागचं चाक, जे हातभर अंतरावर होतं, ते दोन हात झालं, मग सायकलभर झालं, मग दोन सायकली मावतील एवढं. नवा रस्ता संपून जुना खडबडीत रस्ता लागला होता, घंटी तिच्याखाली किणकिणत होती, पण आपल्याच सीटखालची घंटी पुढे कुठवर पोचते ते तिला थोडंच कळणार होतं? हाताने वाजवावी का? बोट मागे गेलंही. मग तिने ते परत हॅंडलवर आणलं. सकाळी हे करताना आत्याला कसं वाटलं असेल, ते तिला आता कळलं.

आणि तेवढ्यात पुढून टिकटिक आली.

आधी आत्याच्या चाकाची. मग काकांच्या, मग डॉक्टरबाईंच्या, मग बेकरच्या. चौघांचेही पाय थांबले होते आणि मोकळी चाकं टिकटिकत होती, भर वाऱ्यात, चढावर, जिथे पाय थांबवणं म्हणजे मिळवलेला वेग मातीत घालणं. कोणी दमलं नव्हतं. आत्या तर सरळ बसली होती, मान किंचित तिरकी, शिवणयंत्राचा आवाज बिघडला की ऐकायला धरते तशी.

सात महिने. प्रत्येक वेळी. आपण त्यांना गाठतो असं तिला वाटत होतं.

टिटवीला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि वाऱ्यात दोन्ही कोणाला दिसण्यासारखं नव्हतं. बेकरचं चाक हळूहळू जवळ आलं, दोन सायकलींवरून एक, मग हातभर. त्याच्या पाठीआड शिरताच वारा एकदम कमी झाला, दार लोटून घ्यावं तसा. घंटी आता पुढवर पोचली असणार. पुढची टिकटिक थांबली, पाय पुन्हा फिरू लागले.

चौघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही.